शेवटचं तोंड आधी

मु. करणपाडे, ता. शहादा, जि. नंदुरबार
१७ नोव्हेंबर २०२४

चि. मयूरीस आशीर्वाद.

आधी ओळख करून देते, कारण तू विसरली असशील. मी तापीबाई. तुझ्या बापाची आई. उंची बेताची, पुढचे दोन दात नाहीत, लहानपणी न्हाऊ घालताना तुझ्या डोळ्यांत शिकेकाई घालायची ती मीच. आठवलं का? दार-ए-सलामला जाऊन तुला सात महिने झाले आणि तुझं पत्र आलं एक. तेही दिवाळीचं, चार ओळींचं, त्यातल्या दोन ओळी फराळाच्या.

लिहिणारी तुझी आई आहे. मी बोलते, प्रमिला लिहिते. मला अक्षर येत नाही, पण मी काय बोलले ते शब्दाला शब्द लक्षात राहतं. तिला सांगून ठेवलंय, तुझं काही घालायचं असेल तर कंसात घाल, माझ्या बोलण्यात मिसळू नको. (मिसळत नाही. जेवण वेळेवर कर. केस गळायचे थांबले का? – आई)

फोन कर म्हणतेस. फोनवर तू काय बोलतेस? हो आजी, बरं आजी, ठेवते आजी. एवढ्यासाठी समुद्र ओलांडायचा? तुझ्या आईने एकदा माझा आवाज फोनमध्ये भरून मलाच ऐकवला. मी विचारलं, ही कोण म्हातारी खोकते आहे. त्यापेक्षा कागद बरा. कागद पुन्हा वाचून घेता येतो.

आमच्या वेळी पोस्टमन पत्र टाकून पळायचा नाही. ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा, वाचून दाखवायचा आणि उत्तर लिहून घेऊनच उठायचा. माझ्या माहेरची सगळी सुखदुःखं मी त्याच्या तोंडून ऐकली. माझी आई नातवंडांची चौकशी करायची तीही त्याच्याच आवाजात. त्यामुळे अजून मला वाटतं की माझ्या आईचा आवाज जाड होता आणि तिला विडीचा वास यायचा.

आता म्हणे कागद लिहायचा, त्याचा फोटो काढायचा, की तासाभरात तुला मिळतो. तुझी आई सांगते, तो फोटो समुद्राच्या तळातून जातो आणि तिकडची तार तू सांभाळतेस. मी शेजारच्या दगूबाईला सांगितलं, माझी नात समुद्रातल्या तारेवर कामाला आहे. ती म्हणाली, "कपडा वाळत घालाले का व?" ते मलाही माहीत नाही. तेव्हा तू करतेस काय ते मला समजेल असं लिही. आणि सगळ्या लेकी माहेरी येतात त्या आखाजीच्या सणाला येईन म्हणाली होतीस ते खरं, की मला गप्प करायला म्हणालीस?

खाली अंगठा आहे. शाई वाळली होती म्हणून काजळ लावलं.

तुझी आजी

*

दार-ए-सलाम
८ डिसेंबर २०२४

ती. आजीस सा. नमस्कार.

ओळख पटली. शिकेकाईवरून लगेच पटली.

दगूआजीला सांग, कपडे वाळत घालायला नाही. समुद्रातली तार म्हणजे जाड रबरी नळीसारखी असते. तिच्या पोटात काचेचे धागे, केसासारखे. त्या धाग्यांतून उजेड धावतो, आणि त्या उजेडावर बसून आपले फोटो, बोलणं, पैसे, सगळं इकडून तिकडे जातं. तुझं काजळही तसंच आलं. ही समुद्रातली तार मी टाकलेली नाही. ती इथे येऊन पंधरा वर्षं झाली. माझं काम किनाऱ्यापासून आत.

कारण किनाऱ्यावर इंटरनेट भरपूर आणि स्वस्त. आत जावं तसं महाग. इथून साडेतीनशे किलोमीटर आत डोंगरात माकोंगा नावाचं गाव आहे. वर जायचा रस्ता आपल्या तोरणमाळच्या घाटाचा भाऊच. तिथे दाई-नर्स तयार करणारी शाळा आहे, बावीस मुलींची. मुख्य बाई नीमा, आईच्याच वयाची. ती स्वतःच्या पैशाने एका दिवसाचं पॅक घेते, शाळेमागच्या खडकावर चढून शहरातल्या डॉक्टरांचा धडा फोनमध्ये उतरवून घेते, मग खाली येऊन फोन पाण्याच्या भांड्याला टेकवते आणि बावीस मुली त्या एका फोनभोवती बसतात. मागच्या मुलींना फक्त ऐकू येतं. नाळ कशी बांधायची हे ऐकून कसं शिकणार?

आमच्या कंपनीने किनाऱ्यापासून माकोंगापर्यंत जमिनीत तार पुरली आहे. पुरून झाली. पण सुरू करायची फक्त पहिली अर्धी, जिथे हॉटेलं आणि मोठी दुकानं आहेत. उरलेली "पुढच्या टप्प्यात". मी तपासणीची इंजिनियर. मी कागदावर सही केली की ठेकेदार पैसे घेऊन सामान उचलणार, आणि पुढचा टप्पा कोणी बघितलाय? नीमाबाई दर आठवड्याला फोन करून एकच शब्द विचारते, "लिनी?" म्हणजे कधी.

माझा करार एप्रिलच्या मध्यापर्यंत आहे. आखाजीला नक्की येते. आईला सांग, केस गळतात पण उरलेत बरेच.

तुझी मयूरी

*

करणपाडे
१२ जानेवारी २०२५

चि. मयूरीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचून घेतलं. दोनदा माझ्यासाठी, एकदा दगूबाईसाठी. तिला काचेचे धागे पटले नाहीत. मला पटले, कारण मला आपली पाइपलाइन आठवली.

तू पाहिलीस ती मेलेली पाइपलाइन. मी सांगते ती जन्मली तेव्हाची. तुझा बाप दहा वर्षांचा होता, जिल्हा अजून धुळे होता. आपल्याकडे तापी कशी, काठ उंच आणि नदी खोल. पाणी बघायला भरपूर, डोक्यावर आणायला एक घागर, आणि शेताला थेंब नाही. मग गावाने मंडळ काढलं. नदीत विहीर बांधली, मोटर बसवली आणि सिमेंटचे पाइप चार किलोमीटर आत नेले. काठाजवळची शेतं मोठ्या घरांची. टोकाला सहा शेतं आमच्यासारख्यांची, आणि त्यातलं अगदी शेवटचं आपलं. तुझे आजोबा मंडळाचे पंपचालक. मोटरघराची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, झोपतानाही. मी कूस बदलली की टोचायची.

उद्घाटनाला धुळ्याहून साहेब येणार होते. मांडव पडला रस्त्याकडेच्या, शेतात पाणी सोडायच्या पहिल्या कुंडीपाशी. साहेबांनी चाक फिरवलं की तिथेच पाणी उसळलं पाहिजे, आधी कुठे थेंब सांडता कामा नये. म्हणून मंडळाच्या हुशार माणसांनी लाइनीची सगळी तोंडं बंद करून टाकली. आपल्या शेतातल्या शेवटच्या तोंडात तर लाकडी खुंटा ठोकला आणि वरून चिखल लिंपला. मोटर सुरू केली. साहेब उशिरा आले. तोवर पाइप गुरगुरायला लागला, भुकेल्या म्हशीसारखा. मग वाटेतल्या धुडकूच्या मिरचीच्या शेतात असा फुटला की ताडाएवढं कारंजं. वाजंत्रीवाल्यांना वाटलं हेच उद्घाटन. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. धुडकू "मन्ही मिरची, मन्ही मिरची" करत धावतोय, मागे बँड. साहेबांनी मोटारीत बसल्या बसल्या नारळ हातात घेतला, परत दिला आणि गेले.

आम्ही हसलो खूप. पण आठ दिवसांनी मंडळाची बैठक ठरली, आणि त्याआधीच बोलणं पक्कं झालं, की काठाकडची अर्धी लाइन दुरुस्त करायची, टोकाची पुढच्या वर्षी. तुझे आजोबा घरी आले, ताटावर बसले आणि जेवले नाहीत. मी विचारलं, पुढच्या वर्षी म्हणजे कधी? ते म्हणाले, "मी नोकर माणूस. मी काय बोलू?"

(कागद संपला. आजी बोलून दमल्या आहेत. बाकी सर्व क्षेम. आखाजीला सरळ घरी ये, झोका बांधते. – आई)

*

दार-ए-सलाम
२३ मार्च २०२५

ती. आजीस सा. नमस्कार.

दोन महिने लिहिलं नाही. विसरले नव्हते, लिहायचं धाडस होत नव्हतं.

धुडकूबाबांच्या मिरचीला मी इथे ऑफिसात एकटी हसले. मग शेवट वाचला आणि हसू गेलं. पुढे काय झालं ते तू सांगितलं नाहीस. बहुतेक काहीच करता आलं नसेल. तुला तेच सांगायचं होतं ना, की "पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्यापुढे कोणाचं चालत नाही, तेव्हा पोरी, जीव जाळू नकोस? समजलं मला. आजोबांसारखी मीही नोकर माणूस.

इथेही तसंच ठरलं. पहिली अर्धी लाइन सुरू करायची. ३१ मार्चला मी सही करणार, २० एप्रिलचं विमानाचं तिकीट काढलं आहे. मागच्या आठवड्यात माकोंगाला जाऊन नीमाबाईला स्वतः सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. तिने चहा केला, त्यात साखर जरा जास्त घातली, आणि म्हणाली, घरी चालली आहेस, आई खूश असेल. "लिनी" विचारलं नाही.

आईला सांग, तिकीट पक्कं आहे. झोका बांध म्हणावं.

तुझी मयूरी

*

करणपाडे
२७ मार्च २०२५

चि. मयूरीस आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. आज लिहिते आहे रिना, आपल्या अंगणवाडीची बाई. पोरांची वजनं फोनवर चढवायला ती दुपारी आपल्या गच्चीवर येते, कारण तिच्याकडे फोनमधलं चाक फिरतच राहतं. ते फिरेपर्यंत तिला मी धरून बसवलं आहे.

तू लिहितेस, पुढे काही करता आलं नसेल. पोरी, त्या दिवशी मी पुढचं अर्धा तास बोलले. त्यातलं एक अक्षर तुझ्या उत्तरात नाही. मी कोणाला शेणाचा गोळा मारला तर तो वळून बघणारच. तू वळली नाहीस, म्हणजे गोळा पोचलाच नाही.

प्रमिलेला विचारलं. म्हणाली, कागद संपला होता. मी म्हटलं, वहीत अजून पुष्कळ पानं आहेत, मला वाचता येत नसलं तरी जाडी कळते. मग ती आत गेली. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. जेवताना म्हणाली, "बाई, तुम्ही तिला येऊ नको म्हणत होत्या. हे माझ्या हाताने कसं लिहू?" मी वरण संपवलं. तिच्यावर रागावू नकोस. मीही रागावले नाही, फक्त पाणी जास्त प्यायले.

आता पुढचं ऐक.

बैठकीत बाया जात नसत. मी पाणी द्यायच्या निमित्ताने गेले, कमरेवर घागर घेऊन. बैठक चिंचेखाली, बाजूला गुरांचा हौद. मी पाणी वाटलं, मग रिकामी घागर हौदात उपडी केली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. सगळे बघायला लागले. चेअरमन म्हणाले, "हाई काय शे?" मी म्हटलं, घागर भरते आहे. ते म्हणाले, उपडी घागर कशी भरेल, बाई? मी म्हटलं, तुम्ही पाइप तसाच भरत होता. आत वारा होता, त्याला जायला तुम्ही एक तोंड ठेवलं नाही. शेवटच्याला तर खुंटा ठोकला. मग मी घागर तिरपी केली. बुडबुड करून वारा निघाला आणि घागर भरली. हौदावर म्हशी घेऊन आलेली, टोकाच्या शेतांतलीच कमलीबाई हसली. नदीवर पाणी आणणारी आठ वर्षांची पोरही हे जाणते. त्यांना माहीत नव्हतं, कारण ते पाणी भरत नव्हते, नुसतं पीत होते.

चेअरमन म्हणाले, बरं, लक्षात ठेवू, पण यंदा अर्धीच. तेव्हा तुझे आजोबा उठले. त्यांनी कमरेची किल्ली काढली, सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, "शेवटचं तोंड आधी उघडा. नाही तर मोटर दुसऱ्याने लावा." दुसऱ्या कोणाला ती मोटर लावता येत नव्हती. आयुष्यात ते बैठकीत तेवढंच बोलले. घरी येताना त्यांचा हात किल्ली शोधत सारखा कमरेला जात होता, मी पाहिलं, पाहिलं नाही असं दाखवलं.

सतरा दिवसांत सगळी लाइन जोडली. मोटर सुरू झाली त्या सकाळी आम्ही सहा घरच्या बाया शेवटच्या तोंडापाशी बसलो. आधी गरम वारा आला. मग धूळ. मग एक बेडूक, इतका रागावलेला की आम्ही वाट दिली. बराच वेळ काहीच नाही. आणि मग पाण्याची धार आली, कमलीबाई हळूच म्हणाली, "पाणी उनं." ओरडली नाही. झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तशी म्हणाली. तेव्हापासून आपल्या गावात दर हंगामात आधी शेवटचं तोंड उघडायचं, आणि पाण्याची पाळी टोकाकडून काठाकडे यायची. पंचवीस वर्षं चाललं. मग ज्याने त्याने बोअर केल्या, आणि आता ते सांगायला मी आणि दगूबाई. दगूबाई अर्धं विसरली.

तुझ्या काचेच्या धाग्यात वारा असतो का, मला माहीत नाही. पण किल्ली तुझ्याकडे आहे. तू तिला सही म्हणतेस.

आखाजीला येऊ नकोस. हे वाक्य रिनाकडून दोनदा वाचून घेतलं आहे.

तुझी आजी

(बाई म्हणाल्या तसंच लिहिलं आहे. शेवटचं वाक्य सांगताना त्या भिंतीकडे बघत होत्या, हे मात्र माझं. – रिना)

*

माकोंगा
१ जून २०२५

ती. आजीस सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या रात्रीच मी उत्तर लिहायला बसले आणि उत्तराऐवजी कंपनीला पत्र लिहिलं.

धाग्यात वारा नसतो आजी. पण तुझी घागर इथेही खरी निघाली. टोकाला उजेड पोचतो का ते तपासलं की मधला प्रत्येक जोड आपोआप तपासला जातो. काठावरूनच तपासून काम संपवलं, तर मधे काय तुटलंय ते कोणाला कधी कळणारच नाही. मी लिहून दिलं, तपासणी माकोंगाकडून सुरू होईल, नाही तर माझी सही मिळणार नाही. आमच्या साहेबांनी ते दोन दिवस टेबलावरच ठेवलं. मग म्हणाले, पाऊस लागतोय, तुझी हौस तूच भागव. मी तिकीट रद्द केलं. माझाही हात सारखा खिशातल्या पेनाकडे जात होता. बघायला कोणी नव्हतं.

अकरा जोड खराब निघाले. एका ठिकाणी मुंग्यांनी पेटीत वारूळ केलं होतं, एका ठिकाणी ट्रकने तार दाबली होती. आम्ही तिघं, दोन जोडणारे आणि मी, चिखलात ताडपत्री बांधून काचेचे धागे जोडत होतो. केसाएवढा धागा आणि थंडीने बोटं आखडायची. आखाजीच्या दिवशी आम्ही सातव्या जोडावर होतो. मी मुद्दाम फोन केला नाही. आईचा आवाज ऐकला असता तर आठवा जोड झाला नसता.

१९ मेला सकाळी माकोंगाच्या टोकाला उजेड आला. नीमाबाईने वर्गात भिंतीवर चादर लावली होती. धडा चादरीवर दिसला, माणसाएवढा, आणि बावीसही मुली बाकांवर बसून बघत होत्या. मधेच चित्र थांबवून एकीने विचारलं, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. एवढंच. पण नीमाबाई बाहेर जाऊन खडकाच्या बाजूला तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

सगळं झालं असं नाही. शाळेला आणि दवाखान्याला किनाऱ्याचाच दर मिळाला. बाजारातल्या लोकांना अजून जास्त पडतो, त्यासाठी भांडण चालू आहे.

आता जे लिहायला हात जड होतोय ते लिहिते. कंपनीने पुढची लाइन अशीच, टोकाकडून करायची ठरवली आहे आणि मला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. मी हो म्हणाले. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला पुन्हा भिंतीकडे बघावं लागलं असतं. आईला कसं सांगू, ते कळत नाही. तूच सांग.

नीमाबाईने शाळेमागे भुईमूग लावला होता, तो आत्ताच काढला. उकडून खाल्ला. तुम्हा दोघींसाठी शेंगा द्यायच्या म्हणून ती मागे लागली आहे. पुढच्या आठवड्यात ऑफिसातला एक सुरतचा माणूस घरी जातोय. काय पाठवू ते कळव.

तुझी मयूरी

*

करणपाडे
८ जून २०२५

चि. मयूरीस आशीर्वाद.

लिहिणारी पुन्हा प्रमिला. काही गाळलं तर रिनाकडून वाचून घेईन असं सांगितलं आहे. (गाळत नाही. – आई)

तूच सांग म्हणालीस. मला सांगावं लागलं नाही. तुझं पत्र वाचणारी तीच. वाचता वाचता त्या ओळीवर आली, थांबली, मग पुढचं भुईमुगाचं एकदम भरभर वाचून टाकलं. मी म्हटलं, मधलं राहिलं का काही? ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "बरं काय?" बाहेर केळीचा ट्रक भरत होते, तो भरून गेला तरी आम्ही बसलेल्याच.

तू विचारलं नाहीस ते चांगलं केलंस. मार्चमध्ये तुला येऊ नको सांगितलं तेव्हा मी मोठी शहाणी होते. मग आखाजी आली. शेजारच्या लेकी माहेरी आल्या, गौराईची गाणी झाली, सांजोऱ्या झाल्या, आणि शहाणपण कुठे ठेवलं होतं ते मला सापडेना. या वेळी विचारलं असतंस तर मी ये म्हणाले असते. अजूनही म्हणेन. पण तू हो म्हणून बसली आहेस, आणि दिलेला शब्द तुझ्या घरात कोणी सतरंजीवरून परत उचललेला नाही.

झोका तुझ्या आईने बांधला होताच. तू येणार नाहीस हे माहीत असून बांधला, लिंबाला. दोन दिवस रिकामा. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेत असं समजून ती स्वतः बसली. बावन्न वर्षांची बाई, पदर खोचून, चांगले उंच झोके घेत होती. मी खिडकीतून पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हा तशीच बसायची, मी ओरडायचे. या वेळी ओरडले नाही. (हे लिहायची गरज नव्हती. – आई) (लिही म्हटलं ना. – हे आजींनी कंसात लिहायला लावलं.)

एक गोष्ट तुला कळवते. परवा मी रिनाला आणि गावातल्या चार पोरींना मोटरघर दाखवायला घेऊन गेले. आत कबुतरं आहेत. मोटर कोणी तरी केव्हाच नेली. भिंतीवर मंडळाची पाटी आहे, रिनाने वाचली, तुझ्या आजोबांचं नाव शेवटचं आहे. पंचेचाळीस वर्षं मी ती पाटी बघते आहे, त्यांचं नाव कुठे ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. रिनाने माझं बोट धरून त्या अक्षरांवर फिरवलं. नाव तसं छोटंच आहे. वरून चुना उडालाय.

तेव्हा दिवाळीपर्यंत राहा. नीट जेव. त्या नीमाबाईला माझा नमस्कार सांग, आणि तिला म्हणावं, आई खूश नाही, पण समजूतदार आहे. (आहे. – आई)

आणि काय पाठवू विचारलंस, तर ऐक. काजू नको, माझ्या दातांना चालत नाहीत आणि दगूबाई मागायला येईल. खजूर नको. शेंगा पाठव, चांगल्या पाच किलो, नीमाबाईच्या शेतातल्याच. पण टरफलासकट पाठव. सोललेले दाणे पाठवलेस तर परत पाठवीन. तुझ्या आईला अजून आठ-पंधरा दिवस राग येणार आहे, तिला हाताला काही तरी फोडायला लागेल.

तुझी आजी